दप्तरातला कागद पडद्यावर आणताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कार्यालयातील कागदपत्रांच्या डिजिटल प्रतिमा करून ती सांभाळण्याविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे येथे घेतली आहेत. ही पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. बहुतेकांनी कोणता स्कॅनर घ्यावा हे विचारले आहे, पण स्कॅन केलेला कागद पुढे शोधायचा कसा, हे फार थोड्यांनी विचारले आहे. म्हणून काही उत्तरांत मी विचारलेल्या प्रश्नाच्या थोडे पुढे गेलो आहे, त्याबद्दल वाचकांनी गैर मानू नये.

प्रश्न : आमचे करसल्लागाराचे कार्यालय पंचवीस वर्षांपेक्षा जुने आहे. दोन खोल्या फायलींनी भरल्या आहेत. एका ठेकेदाराने पानामागे दर सांगून सर्व कागद दोन महिन्यांत स्कॅन करून देण्याची तयारी दाखवली आहे. हे काम त्याला द्यावे का? (एक करसल्लागार, सांगली)

उत्तर : सर्व कागद देऊ नयेत, आणि दोन महिन्यांत तर मुळीच देऊ नयेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यालयाचे काम पूर्ण झाल्यानंतर मी तेथे गेलो होतो. ठेकेदाराने कबूल केल्याप्रमाणे प्रत्येक पानाची प्रतिमा काढून हार्ड डिस्क दिली होती, आणि प्रतिमाही स्वच्छ होत्या. परंतु प्रत्येक फाईलला केवळ अनुक्रमांक दिलेला होता. कोणत्या क्रमांकात कोणाचे काय आहे, याची नोंद कोठेच नव्हती. सहा महिन्यांनंतरही तेथील लिपिक जुन्या कपाटाकडेच जात होता, कारण कपाटातला कागद त्याला सापडत होता आणि संगणकातली प्रतिमा सापडत नव्हती. सगळा खर्च झाला होता, आणि काम मात्र पहिल्या पायरीवरच राहिले होते.

आपल्याकडील सरकारी कार्यालयांत दप्तर लावण्याची जी रीत आहे, ती खासगी कार्यालयानेही उचलावी अशी आहे. चालू कामाचे कागद, उत्तराच्या प्रतीक्षेतील कागद, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद असे सहा गठ्ठे टेबलावरच वेगळे करायचे, आणि जपून ठेवायच्या फायलींना मुदतीप्रमाणे अ, ब, क, क-१, ड असे वर्ग द्यायचे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालय सुधारणेचा जो प्रयोग केला, त्याची आठवण जुने महसूल कर्मचारी आजही काढतात. तो प्रयोग संगणकाविना झाला होता, आणि त्याचा पाया कागदांच्या वर्गवारीत होता. ज्या कार्यालयात ही वर्गवारी झालेली नाही, तेथे स्कॅनर आणला तर खोलीतला गोंधळ जसाच्या तसा संगणकात जातो.

आपल्याकडे पहिले काम निवडीचे आहे. जीएसटीची हिशेबपुस्तके आणि कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कंपनी कायदा, २०१३ खाली कंपनीची हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. एखाद्या प्रकरणात अपील किंवा चौकशी चालू असेल, तर मुदत संपली तरी त्याचे कागद हलवू नयेत. मुदत संपलेल्या, वाद नसलेल्या फायलींच्या प्रतिमा काढण्यात पैसे घालवण्याचे कारण नाही. आणखी एक काम करसल्लागारांच्या हातून बहुधा राहून जाते. अशिलांचे मूळ कागद, म्हणजे खरेदीखते, भागीदारीपत्रे, जुनी पासबुके, वर्षानुवर्षे आपल्याकडे पडून असतात. ते पोच घेऊन ज्याचे त्याला परत करावेत. एवढे केल्यावर खोलीतील बराच भाग मोकळा होईल, असा माझा अनुभव आहे.

उरलेल्या कागदांसाठी दोन दिशांनी काम करावे. येत्या १ एप्रिलपासून आत येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतानाच स्कॅन व्हावा. मागील फायलींपैकी जी मागणीनुसार बाहेर काढावी लागेल, ती परत ठेवण्यापूर्वी स्कॅन करावी. अशा रीतीने दोन वर्षे गेली की ज्या फायलींना कोणीही हात लावलेला नाही त्या आपोआप वेगळ्या दिसतात, आणि त्यांच्यावर किती खर्च करायचा हे शांतपणे ठरवता येते.

नोंदीसाठी महागडी प्रणाली सुरुवातीला लागत नाही. साध्या तक्त्यात अशिलाचा संकेतांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार, कागदावरची तारीख, मूळ फाईलचा क्रमांक आणि कपाट-फळी, इतके रकाने पुरेसे आहेत. रकाने वाढवले की ते भरले जात नाहीत, आणि अर्धवट भरलेल्या रकान्यामुळे शोध फसतो. प्रतिमेच्या नावात तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. अशिलाचे नाव मात्र नावात घालू नये, कारण एकाच आडनावाची चार रूपे चार लिपिक लिहितात. पॅन क्रमांकही घालू नये, कारण फाईलचे नाव ती न उघडताही कोणालाही दिसते.

ठेकेदाराला काम द्यायचेच असेल, तर आधी दोनशे पानांचा नमुना करून घ्यावा. त्यात फिकट कागद, कार्बन प्रती, पाठपोट लिहिलेली पाने आणि लहान पावत्या मुद्दाम घालाव्यात. पानांचा अंदाज स्वतः घ्यावा. नव्या ५०० कागदांच्या रिमची जाडी साधारण पाच सेंटिमीटर असते. वापरलेल्या, टाचण्या लावलेल्या कागदांच्या तेवढ्याच जाडीत पाने त्याहून कमी भरतात. करारात काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. कागद कार्यालयाबाहेर जाणार नाहीत. पानांची आणि प्रतिमांची संख्या प्रत्येक फाईलला जुळवून दिली जाईल. फाईल होती त्याच क्रमाने परत बांधली जाईल. काम संपल्यावर ठेकेदाराच्या यंत्रांवर एकही प्रत उरणार नाही. आणि टाचण्या काढणे, दुमडलेले कोपरे सरळ करणे, फाटके पान बाजूला काढणे हे काम कोण करणार, हे आधी विचारून घ्यावे. सर्वांत जास्त वेळ यंत्राला लागत नाही, तो ह्याच कामाला लागतो.

प्रश्न : आमच्या शाळेची जनरल रजिस्टरे फार जुनी आहेत. पाने ठिसूळ झाली आहेत आणि काही नोंदी मोडीत आहेत. दाखल्यांसाठी लोक सतत येतात, त्यामुळे रजिस्टरे हाताळून आणखी खराब होतात. स्कॅन कसे करावे? काळे-पांढरे चालेल का? (मुख्य लिपिक, वाशीम जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातील काळजी अगदी योग्य आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर जुन्या शाळांच्या रजिस्टरांना किती हात लागले, हे सर्वांनी पाहिले आहे. जन्मतारीख आणि जात यांची पहिली लेखी नोंद अनेक घराण्यांच्या बाबतीत केवळ शाळेच्या रजिस्टरात आहे. तिची दुसरी प्रत कोठेही नाही.

प्रथम हे रजिस्टर, सुटी पाने आपोआप ओढून घेणारा फीडर असलेल्या स्कॅनरमध्ये घालण्यासाठी उसवू नये. बांधणी ही त्या दस्तऐवजाच्या खरेपणाची खूण आहे. पाने सुटी झाली की मधले एखादे पान नंतर घातले गेले नाही, हे दाखवणे अवघड होते. उघडी वही खाली ठेवून वरून प्रतिमा घेणारा पुस्तक-स्कॅनर वापरावा. तो विकत घेणे परवडत नसेल, तर तालुक्यातील दोन-चार शाळांनी मिळून काही दिवसांसाठी भाड्याने आणावा. वही पूर्ण १८० अंशांत उघडण्याचा आग्रह धरू नये. पुठ्ठ्याखाली दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या ठेवल्या की पाठीवर ताण येत नाही.

काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत प्रत्येक बिंदू एक तर काळा होतो, नाही तर पांढरा. मधली छटा राहत नाही. त्यामुळे पेन्सिलीने लिहिलेला शेरा, उडालेली निळी शाई, तांबड्या शाईत केलेली दुरुस्ती आणि मुख्याध्यापकांची त्यावरची सही यांपैकी काही पूर्ण नाहीसे होते आणि बाकीचे एकाच काळ्या रंगात मिसळते. जनरल रजिस्टरात दुरुस्ती कोणत्या शाईत आणि कोणाच्या सहीने झाली, याला मूळ नोंदीइतकेच महत्त्व असते. म्हणून येथे रंगीत प्रतिमाच घ्यावी.

घनतेविषयी सांगायचे तर, ए-४ आकाराचे छापील पान ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू या घनतेने, घेतले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदूंची प्रतिमा मिळते. न दाबलेल्या, म्हणजे फाईल लहान न केलेल्या स्वरूपात ती काळी-पांढरी असेल तर साधारण १.१ एमबी, करड्या छटांची असेल तर ८.७ एमबी आणि रंगीत असेल तर २६ एमबी होते. छापील पत्रांना ३०० डीपीआय पुरते. आपल्या रजिस्टरातील बारीक, फिकट हस्ताक्षरासाठी ४०० घ्यावे. ६०० वर गेल्यास बिंदू ३०० च्या चौपट होतात, पण उडालेली शाई त्यामुळे परत येत नाही. मूळ प्रत टिफ या प्रतिमा-फाईलच्या स्वरूपात, माहिती न गाळणाऱ्या पद्धतीने दाबून ठेवावी, आणि रोजच्या वापरासाठी तिच्यावरून लहान पीडीएफ करावी. दीर्घकाळ ठेवायच्या पीडीएफसाठी २००५ पासून पीडीएफ-ए नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात लागणारे फॉन्ट फाईलच्या आतच असतात आणि ती उघडण्यासाठी बाहेरच्या कशावरही अवलंबून राहावे लागत नाही. जतन करताना हा पर्याय निवडण्यास वेगळा खर्च येत नाही.

कोऱ्या पानांचीही प्रतिमा घ्यावी आणि पान क्रमांक तुटू देऊ नये. मोडी नोंदींचे लिप्यंतर वेगळ्या रकान्यात, करणाऱ्याच्या नावासह लिहावे. मूळ प्रतिमेवर काहीही लिहू नये. हे सर्व झाल्यावर रजिस्टर सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवावे. पेशव्यांचे दप्तर ज्या रुमालांत बांधले गेले, त्या रुमालांनी कागद धुळीपासून आणि उजेडापासून वाचवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र दमट हवा कोंडून राहते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सर्व कागद आम्ही स्कॅन केले आहेत. कार्यालयाची खोली लहान आहे. आता मूळ कागद रद्दीत देता येतील का? कायद्याने स्कॅन प्रत ग्राह्य धरली जाते असे ऐकले आहे. (मानद सचिव, ठाणे)

उत्तर : आपण ऐकले ते अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे संस्थेचे मोठे नुकसान होऊ शकते. म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आहे. कलम ७ प्रमाणे एखादा कागद ठरावीक मुदतीपर्यंत ठेवण्याचे कायद्याने बंधन असेल, तर तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवला तरी चालतो. मात्र त्यातील माहिती पुढे पाहता आणि वापरता आली पाहिजे, ती मूळ माहितीशी तंतोतंत जुळते हे दाखवता आले पाहिजे, आणि ती कोठून आली, कोठे गेली, केव्हा आली-गेली हे कळले पाहिजे. स्कॅन करून डिस्कवर टाकले, इतक्याने ह्या अटी पूर्ण होत नाहीत. शिवाय ह्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्तऐवज मुळातच वगळले आहेत, आणि मृत्युपत्र व न्यासपत्र हे त्यांपैकी आहेत.

कागद सांभाळण्याचे बंधन पाळणे आणि न्यायालयात तो सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब ची जागा आता त्याच्या कलम ६३ ने घेतली आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग नोंद हजर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात त्या फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण, लिहायचे असते. हे प्रमाणपत्र किती आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात स्पष्ट केले. तो खटला आपल्या जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवला होता, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील वादाचा विषय होता. कार्यालयाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो निकाल वकिलाकडून एकदा समजावून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मूळ कागद हाती नसताना त्याची प्रत पुरावा म्हणून देता येते, परंतु मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला असेल तर ते आपल्याच चुकीने किंवा हलगर्जीने झालेले नसावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. स्वतः ठराव करून रद्दीत घातलेल्या कागदाबद्दल असे सांगणे किती अवघड होईल, याचा विचार करावा. सहीचा वाद निर्माण झाला, तर हस्ताक्षरतज्ज्ञ लेखणीचा दाब, शाई आणि फटक्याचा ओघ मूळ कागदावर पाहतो. प्रतिमेत दाब उमटत नाही.

बँकांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. धनादेश आता प्रत्यक्ष प्रवास करत नाही. चेक ट्रंकेशन पद्धतीत त्याची प्रतिमा पुढे जाते आणि पैसे त्या प्रतिमेवर दिले जातात. तरीही मूळ धनादेश सादर करणाऱ्या बँकेने दहा वर्षे जपून ठेवायचा असतो. रोजच्या व्यवहाराला प्रतिमा आणि वादाच्या प्रसंगासाठी कागद, ही विभागणी आपल्या संस्थेलाही लागू पडते.

म्हणून अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावे करण्याचा, किंवा मानीव अभिहस्तांतरणाचा दस्त, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातील यादी, भाग हस्तांतरणाचे अर्ज, सभासदांची नामनिर्देशनपत्रे आणि सह्या असलेली इतिवृत्ताची पुस्तके यांतील एकही कागद नष्ट करू नये. पुनर्विकासाचा विषय निघाला की ह्यांतलाच एखादा कागद मागितला जातो. नकाशे दुमडून लहान स्कॅनरवर तुकड्या-तुकड्यांत घेतले असतील, तर ते मोठ्या आकाराच्या स्कॅनरवर पुन्हा घ्यावेत, कारण ए-० आकाराचा नकाशा ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा असतो आणि जोडलेल्या तुकड्यांवर मापे जुळत नाहीत. नष्ट करता येतील ते कागद म्हणजे मुदत संपलेल्या निविदांच्या प्रती, जुनी परिपत्रके, किरकोळ पत्रव्यवहार. तेही लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर, समितीच्या ठरावाने आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी इतिवृत्तात जोडूनच नष्ट करावेत. सभासदांच्या आधारच्या छायाप्रती त्यांत असतील, तर त्या रद्दीवाल्याला न देता कातरून टाकाव्यात.

प्रश्न : दवाखान्याच्या पावत्या आणि बिले मोबाइलने टिपून ठेवली तर चालतात का? (लातूर)

उत्तर : दिवसाला दहा-वीस पावत्या असतील तर चालतात. उष्णतेने छापलेल्या पावत्या काही महिन्यांत उडतात, म्हणून त्या आल्या त्याच दिवशी टिपाव्यात. पावती गडद, सपाट पृष्ठभागावर ठेवावी, प्रकाश बाजूने यावा आणि हाताची सावली तिच्यावर पडू नये. ॲप प्रतिमा कोणत्या सर्व्हरवर पाठवते, हे नेमके तपासल्याशिवाय रुग्णांचे कागद मात्र त्यातून टिपू नयेत.

प्रश्न : कारखान्यातील मोजमापांच्या तक्त्यांच्या प्रतिमांत काही आकडे मूळ कागदापेक्षा वेगळे दिसतात, असे आमच्या लेखापालाने दाखवून दिले. स्कॅनर आकडा बदलू शकतो का? (इचलकरंजी)

उत्तर : बदलू शकतो. आपल्या लेखापालाने हे पाहिले, ही फार मोलाची गोष्ट आहे. २०१३ साली जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्या निदर्शनास असेच आले होते. एका इमारतीच्या नकाशात २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर असे लिहिलेल्या खोल्यांवर स्कॅन केल्यानंतर १४.१३ हा तिसऱ्याच खोलीचा आकडा उमटला होता. यंत्रात काहीही बिघडलेले नव्हते. फाईल लहान करण्यासाठी वापरलेली जेबिग-२ ही पद्धत सारखे दिसणारे आकार एकदाच साठवते आणि बाकीच्या ठिकाणी तोच आकार चिकटवते. छपाई लहान असली की तिला ६ आणि ८ सारखेच वाटू शकतात. प्रतिमा अंधूक झाली असती तर पाहणाऱ्याला शंका आली असती. येथे चुकीचा आकडा स्वच्छ, ठसठशीत उमटतो, म्हणून तो कोणाच्याही लक्षात येत नाही.

यंत्राच्या मांडणीत ‘अधिक दाब’, ‘लहान फाईल’ किंवा ‘सामान्य दर्जा’ असे जे पर्याय असतील ते बंद करावेत. काळ्या-पांढऱ्या प्रतिमेसाठी टिफमधील ग्रुप-४ ही पद्धत घ्यावी, कारण ती एकही बिंदू बदलत नाही. देवनागरी आकड्यांची अडचण वेगळी आहे. छपाई झिजलेली असली, तर कोणती छटा काळी आणि कोणती पांढरी हे ठरवणारा उंबरठा चुकीचा ठेवल्यामुळे १ आणि ९ यांतला फरक काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत पुसला जातो. अशी पाने करड्या छटांत घ्यावीत.

तपासणी प्रतिमा काढणाऱ्या माणसाकडे देऊ नये. दुसऱ्या व्यक्तीने प्रत्येक गठ्ठ्यातील काही पाने मूळ कागद शेजारी ठेवून पाहावीत. आकड्यांचे तक्ते असतील तर तळाची बेरीज प्रतिमेवरून पुन्हा करावी. एक चूक सापडली तरी तो संपूर्ण गठ्ठा पुन्हा स्कॅन करावा. सर्व पानांवर एकाच जागी उभी रेघ दिसत असेल, तर ती फीडरच्या काचेवरील धुळीचा कण किंवा गोंदाचा थेंब असतो. मऊ कापडाने पुसल्यावर ती जाते. दोन पाने चिकटून एकदम गेली, तर चांगले यंत्र ध्वनिलहरींनी ते ओळखून थांबते. काम लवकर व्हावे म्हणून तो इशारा बंद करून ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो कधीही बंद करू नये.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक आणि पत्रव्यवहार स्कॅन केल्यावर त्यातील मराठी मजकूर शब्द टाकून शोधता येईल का? (सोलापूर)

उत्तर : छापील मजकूर बऱ्याच प्रमाणात शोधता येईल. टेसरॅक्ट ही प्रतिमेतील अक्षरे ओळखणारी मुक्त प्रणाली मराठी ओळखते. प्रतिमेच्या मागे ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर बसवून पीडीएफ करता येते, आणि वाचणाऱ्याला मूळ पानच दिसत राहते. पान वाकडे असेल, मागचा मजकूर पुढे उमटला असेल किंवा स्तंभ ओळखण्यात चूक झाली असेल, तर निकाल एकदम घसरतो, म्हणून ओळखण्यापूर्वी पान सरळ करून घ्यावे. देवनागरीत घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल आणि ‘ख’ चे ‘रव’ होणे नेहमीचे आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र आपल्या लेखनाचा विशेष असल्याने तेथे विशेष चुका होतात. शोध घेताना एकाच शब्दाची दोन-तीन रूपे टाकून पाहावीत, आणि वर्ष शोधताना देवनागरी व इंग्रजी असे दोन्ही अंक वापरावेत.

युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र समान संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या डीटीपी फायली आपल्याकडे असतील, तर त्यांत वेगळीच अडचण आहे. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आतला मजकूर त्या-त्या फॉन्टच्या संकेतांत साठवलेला असतो, आणि युनिकोडमध्ये शोधल्यास काहीही हाती लागत नाही. त्या फॉन्टचा परिवर्तक मिळाला तर उत्तम. नाही तर पानाची प्रतिमा करून ती नव्याने ओळखवावी. हस्तलिखित पत्रांवर मात्र ह्या प्रणालीचा भरवसा ठेवू नये. पत्र कोणाचे, कोणाला, कोणत्या तारखेचे आणि कशाविषयी, एवढे माणसाने वाचून लिहावे. एका पत्राला दोन मिनिटे लागतील, आणि ती दोन मिनिटे पुढच्या अभ्यासकाचे दोन दिवस वाचवतील.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या कार्यालयातील फायली बुडाल्या. काहींचे घट्ट गठ्ठे झाले आहेत. ज्या संगणकात प्रतिमा होत्या तोही पाण्यात गेला. आता काय करता येईल? (चिपळूण)

उत्तर : २२ जुलै २०२१ च्या त्या दिवशी वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूणच्या बाजारपेठेतील दप्तरांचे काय केले, हे त्या भागात फिरलेल्या कोणालाही विसरता येणार नाही. वाळून दगडासारखे झालेले गठ्ठे चाकूने किंवा जोराने सोडवू नयेत. बंद डब्यात, पाण्याचा स्पर्श न होता, दमट हवेत काही काळ ठेवून पाने हळूहळू सैल करण्याची रीत संवर्धनतज्ज्ञ वापरतात. महत्त्वाचे गठ्ठे त्यांच्याकडेच द्यावेत. बुरशी असेल तर मुखपट्टी आणि हातमोजे घालूनच काम करावे. जे पान सुटेल त्याची प्रतिमा त्याच वेळी घ्यावी, कारण ते पुन्हा तितके नीट उघडेल याची खात्री नसते. बॉलपेनचा मजकूर बहुधा टिकलेला असतो. दौतीच्या शाईचा मजकूर पसरलेला असला, तर रंगीत प्रतिमेत तो कधीकधी डोळ्यांपेक्षा अधिक वाचता येतो.

पुन्हा पाणी शिरलेच, तर पहिले ४८ तास निर्णायक असतात. त्यानंतर बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात कागद पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद किंवा कोरा कागद घालून, कडक उन्हाबाहेर वाळवावेत. सगळे वाळवणे शक्य नसेल, तर उरलेले गठ्ठे पिशव्यांत घालून शीतगृहात गोठवून ठेवावेत. गोठलेला कागद खराब होत नाही, आणि पुढे सवडीने त्यावर काम करता येते.

आपली खरी चूक प्रतिमा आणि कागद एकाच तळमजल्यावर ठेवण्यात झाली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांच्या फायली जळाल्या, तेव्हाही प्रश्न हाच होता की दुसरी प्रत कोठे आहे. प्रत्येक प्रतिमेच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. आपल्या कार्यालयाची शाखा किंवा विश्वासाचा माणूस कऱ्हाडला किंवा पुण्याला असेल, तर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक हार्ड डिस्क तिकडे जावी आणि तिकडची इकडे यावी. ज्या डिस्कवर अशिलांची माहिती असेल ती कूटबद्ध करावी, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय वाचता येणार नाही अशी करावी, आणि तो परवलीचा शब्द दोन जबाबदार व्यक्तींकडे सीलबंद पाकिटात ठेवावा.

प्रत्येक फाईलचे एसएचए-२५६ हॅश मूल्य काढून नोंदतक्त्यात लिहावे. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य पूर्ण बदलते. डिस्क परत आल्यावर तेच मूल्य पुन्हा काढून जुळवले, की प्रत बिघडलेली नाही याची खात्री होते, आणि पुढे न्यायालयाच्या प्रमाणपत्रासाठीही ते उपयोगी पडते. दर तीन महिन्यांनी एखादी फाईल केवळ बाहेरगावच्या डिस्कवरून, मूळ संगणक बंद ठेवून, उघडून आणि छापून पाहावी. हे काम नव्या लिपिकाला, फक्त नोंदतक्ता हातात देऊन, सांगावे. त्याला ती फाईल पाच मिनिटांत मिळाली नाही, तर कोणता रकाना कमी पडला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तक्ता दुरुस्त करावा.